उत्तर शून्य नाही कशावरून

सूर्यमाळला आमच्या पाड्याजवळ, उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीच्या टोकाला, उंबराखाली एक खड्डा आहे. दोन पुरुष खोल, तळाला काळा कातळ. माझ्या बापाने तो माझ्या शब्दावर खणला. आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत. मी जव्हारला कॉलेजात गणित शिकवायला लागले, तरी माझ्यासाठी तो बाच राहिला.

तेव्हा माझा पीएचडीचा प्रबंध देऊन झाला होता, तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, तेवढी उरली होती. जमिनीतून पाणी झिरपत कसं पसरतं, याचं एक समीकरण आहे. त्यातली गोम अशी, की पाणी किती वेगाने सरकणार हे तिथे आधी किती पाणी आहे त्यावरच ठरतं. भिजलेल्या जागी ते भराभर पुढे जातं, कोरड्या जागी अडून बसतं. ज्याचा शोध घ्यायचा तेच स्वतःचे नियम ठरवतं, म्हणून असली समीकरणं नॉनलिनिअर. वेळेबरोबर बदल होत असेल तर पॅराबोलिक, सगळं थांबून स्थिर झालं असेल तर एलिप्टिक. मी ती सोडवत नव्हते, ती बहुतेक सुटतच नाहीत. त्यांना उत्तर आहे, एवढंच मी सिद्ध करत होते. आधी जवळपासची सोपी समीकरणं घ्यायची, त्यांची उत्तरं हाताबाहेर जात नाहीत हे दाखवायचं, आणि त्यांच्या रांगेतून हळूहळू खऱ्या उत्तरापाशी जायचं. ते उत्तर दिसतं कसं, हे शेवटपर्यंत कळत नाही. लोकांना यात काय मिळतं, असं मला स्टाफरूममध्ये पुष्कळांनी विचारलंय. मी त्यांच्यावर चिडायचे.

प्रबंधात बाजूला ठेवलेली, दोन वर्षं अडलेली एक पायरी एप्रिलमधल्या एका आठवड्यात सुटली. मी हवेत होते. रविवारी मोखाड्याहून जीपने घरी गेले. आई पहाटेपासून झिऱ्यावर होती. उन्हाळ्यात आमच्याकडे ओढ्याच्या तळाशी खड्डा करून बसावं लागतं. वाटीभर पाणी साठलं की हंड्यात ओतायचं, पुन्हा वाट बघायची. खरं तर मी जाऊन तिच्या हातातली वाटी घ्यायला हवी होती. मी ओटीवर बसून बाला माझी पायरी समजावत होते.

बाने सगळं ऐकून घेतलं. तो चौथी शिकलेला, पण माझं बोलणं मध्ये कधी तोडायचा नाही. मग त्याने शेताच्या टोकाकडे हात केला.

"मंग आपल्या उंबराखाली पानी हाय का नाय, येवढं सांग."

शहाण्या माणसाने सांगितलं असतं, बा, माझं काम ते नव्हे. मी उंबर बघितला, उतार बघितला, खालच्या अंगाला असलेला झिरा बघितला, आणि म्हणाले, "आहे, बा. असणारच."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी तर बापालाच जुंपलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पहार आणि टिकाव काढला. मोखाड्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं, पोरीने गणित करून पाणी काढलंय. लोक हसले, त्याने मनावर घेतलं नाही. तीन आठवड्यांनी मी पुन्हा घरी गेले तेव्हा तो खड्ड्यात छातीपर्यंत उतरला होता. तळहात फुटले होते, दम लागत होता. एव्हाना मला माझंच बोलणं खटकायला लागलं होतं. थांब म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने खालून मूठ वर केली. मुठीत ओली माती होती. मी ती बोटांनी दाबून बघितली. गार होती. मला इतकं बरं वाटलं, की मी पुढे एक प्रश्नही विचारला नाही. प्रश्न विचारायचा पगार घेते मी.

मेच्या शेवटी व्हायवा झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, हळू बोलणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही उत्तर आहे म्हणता. पण ते उत्तर शून्यच नाही, हे कशावरून?"

शून्य हेही उत्तरच असतं. पाणी कुठेच नाही, पुढेही येत नाही, आणि समीकरण तंतोतंत जुळतं. मी प्रबंधाची पानं चाळत राहिले. माझे गाईडच मदतीला आले. कुठेतरी पाण्याचा उगम आहे असं आधी मानावं लागेल, एवढी अट घातली की झालं, असं ते म्हणाले. परीक्षकांनी मान डोलावली. मी पास झाले, पेढे वाटले.

परतीच्या एसटीत मला ते नीट उमगलं. पाणी आहे हे मी आधीच धरून चालले होते, आणि मग पाणी आहे म्हणून सांगितलं होतं. त्या ओल्या मातीचाही आता धीर वाटेना. रविवारी घरी जायचं, बाच्या पायाशी बसायचं आणि सांगायचं, की माझं चुकलं, तू वर ये. वाक्यं जुळवत मी जव्हारला उतरले.

शनिवारी दुपारी फोन आला. खड्ड्यातून वर येताना बाच्या छातीत कळ आली होती. तो उंबराखाली आडवा झाला. जीप मिळेपर्यंत वेळ गेला, आणि मोखाड्याला पोचेपर्यंत तो गेला होता. माझी वाक्यं माझ्याजवळच राहिली. मी त्याला मारलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. कुणी समजूत घालायला लागलं की मी उठून जाते.

पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरला, शिमग्याच्या आधी कोरडा पडला. कुठलाही खड्डा असाच भरतो आणि आटतो. शिमग्याला घरी गेले तेव्हा तो बुजवायचाच, असं ठरवून मी घमेलं उचललं. आई मागोमाग आली आणि काठावर बसली. मग म्हणाली, "पानी नाय लागायचं, हे तुझ्या बाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं व्हतं, बाय. खाली कातळाचा आवाज येत व्हता."

मी म्हटलं, पण मला त्याने ओली माती दाखवली होती.

"तू येनार म्हनून सकाळीच भिजवली. माझ्या हंड्यातलं तांब्याभर पानी घेऊन गेला. मी भांडले त्याच्याशी, दोन तास बसले व्हते मी त्या पान्यासाठी."

मग तो थांबला का नाही, एवढंच मी विचारू शकले.

"तुझी परीक्षा व्हती ना," आई म्हणाली. "म्हनला, आताच खनायचं सोडलं तर पोरीला वाटंल आपलं गनित चुकलं. तिची परीक्षा होऊ दे, मंग सांगू."

मी घमेलं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले. परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला मला उत्तर आलं नव्हतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.