टाचणीकाकूंची सवत

टाचणीकाकूंना गल्लीत त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारलेली कुणाला आठवत नाही. गळ्यात मोजपट्टी आणि खांद्यावर टोचून ठेवलेल्या टाचण्यांची ओळ, हाच त्यांचा सकाळपासूनचा दागिना. नवे कपडे शिवणं त्यांनी केव्हाच सोडलं. आता फक्त दुरुस्ती. सैल झालेलं आत घ्यायचं, आखूड झालेलं सोडायचं आणि दुसऱ्यानं बिघडवलेलं उसवून सरळ करायचं. "शिवणारे पुष्कळ आहेत," त्या गिऱ्हाइकांना सुनावतात, "उसवता किती जणांना येतं?" हे त्या लाजत-बिजत सांगत नाहीत. मी उसवलेल्या कापडावर सुईचं भोक शोधून दाखवा, असं त्यांचं उघड आव्हान असतं आणि ते जिंकलेला माणूस अजून तरी गल्लीत निघालेला नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं आहेत. खिडकीशी काकूंचं शिलाईचं आणि समोरच्या भिंतीला काकांचा कॉम्प्युटर. काकांना लहानपणच्या एका तापापासून दिसत नाही. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर काढली आणि निवृत्त झाल्यावर ते घरी बसून रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देऊ लागले. कुणाची सभा, कुणाची मुलाखत, कुणाच्या आजोबांच्या आठवणी. टाइप केलेलं त्यांना वाचून दाखवते कॉम्प्युटरमधली एक बाई. बाई म्हणजे नुसता आवाज. तो तयार करणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पण काकांचं तिच्याशी असं जमलं की त्यांनी दुसरा आवाज कधी घेतला नाही. वेग तर त्यांनी इतका वाढवून ठेवला होता की परक्याला वाटावं, शिलाईचं मशीनच सुटलंय. काकांना मात्र त्यातला शब्द न् शब्द कळायचा. नवरा दिवसभर हिचंच ऐकतो म्हणून काकूंनी तिचं नाव ठेवलं सवत.

"मी चहा झाला म्हणून तीनदा ओरडते तेव्हा ह्यांना ऐकू येतं," काकू म्हणायच्या, "आणि ही भरधाव बडबडते ते मात्र एका दमात कळतं!"

घरातला नियम साधा होता. ज्याचं मशीन त्यानं बघावं. काका सुईला हात लावत नसत आणि काकू कीबोर्डला. कॉम्प्युटरशी काकूंचा संबंध एवढाच की पडद्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी उरल्यासुरल्या कापडाचं एक झालरीचं आवरण शिवून त्याला घातलं होतं. पडदा बघणार कोण? काकांना गरज नाही, काकूंना वेळ नाही. पुढं तर काकूंनी पडद्याचा प्लगच काढून टाकला आणि त्या जागी शिलाईच्या दिव्याचा लावला. दोन माणसांच्या संसारात अशी देवाणघेवाण चालायचीच.

इथंच माशी शिंकली. रेकॉर्डिंग ऐकताना सवत मध्येच तोंड घालते म्हणून कॉम्प्युटरच्या सूचना वाचायला काकांनी तिला बंदी केली होती. त्यामुळं नवं अपडेट येतंय, आत्ता नको असेल तर सांगा, अशी विनवणी कॉम्प्युटर बरेच दिवस करत असणार. पण ती ऐकायला सवतीचं तोंड बांधलेलं आणि बघायला पडदा झालरीखाली निजलेला. कुणीच नको म्हटलं नाही, तेव्हा अपडेट न बोलावलेल्या पाहुण्यासारखं घरात शिरलं आणि पहिल्याच दिवशी त्यानं सवतीची वाचा बंद केली.

काकांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. टिंग असा नेहमीचा आवाज आला. मग काहीच नाही.

"घंटा वाजतेय, म्हणजे लाइन शाबूत आहे," काका म्हणाले. टेलिफोनवरची भाषा अजून त्यांच्या तोंडून गेलेली नाही. "पलीकडून कुणी बोलत नाही एवढंच."

दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीला फोन लावला. ती पोरगी कामाची. तिनं तासाभरात कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस ठरवला. "बाबा, हा नव्या अपडेटचाच घोळ दिसतोय. दुकानातला माणूस उद्या दुपारी येऊन मशीन घेऊन जाईल. तुमचं काम वेगळं काढून ठेवेल आणि बाकी सगळं पुसून नव्यानं टाकेल."

"आणि बाई?"

"नवा आवाज देतील की."

"ती पुसली तर परत टाकता येणार नाही गं. कंपनीच नाही."

मुलगी मायेनंच म्हणाली, "बाबा, खूप केलंत काम. आता थोडं थांबलात तर काय बिघडलं?"

"बरं," काका म्हणाले.

काकूंच्या काळजात चर्र झालं ते ह्या 'बरं'नं. हा माणूस भाजीत मीठ किती पडलं यावरही वाद घालणारा. त्यानं फोन ठेवला, खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते हात रिकामे बघायची काकूंना सवय नव्हती. त्या रात्री जेवताना काका दोनच वाक्यं बोलले आणि दोन्ही 'पुरे' होती.

सकाळी काकूंनी शिलाईच्या दिव्याचा प्लग उपटला, पडद्याचा लावला आणि डोक्यावरचा पदर सारावा तशी झालर वर ओढली.

"काय करतेस?"

"सवतीला शोधते. अहो, हे अपडेट म्हणजे नक्की काय असतं?"

"आधीचं असतं त्याच्यावर नवं जोडतात."

"जोडलेलं उसवता येत असेल मग."

"येतं. पण बाईशिवाय मला कळणार नाही मी कुठं आहे ते. आणि तुला..."

"मला दिसतं," काकू म्हणाल्या. "काय आहे ते कळत नाही एवढंच. ते तुम्ही सांगा."

खुर्चीत काकू बसल्या. काका शेजारी स्टुलावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या खुर्चीत काकू पहिल्यांदाच बसत होत्या आणि त्यांना उगीचच दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. काकांना रस्ता बोटांत पाठ होता. हे बटण, मग खाली इतक्यांदा, मग ते दुसरं बटण. काकूंनी सांगितलं तसं केलं आणि पडद्याकडं बघितलं.

"अहो, इथं तर मागचं चित्र बदलायचं का म्हणून विचारतंय. डोंगराचं हवं की समुद्राचं."

"असं कसं होईल?" काकांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा डोंगर आणि समुद्र. अपडेटनं जाता जाता घरातलं सामानही हलवून ठेवलं होतं. काकांचा चेहरा उतरला. ज्या वाटेनं हा माणूस इतकी वर्षं न चुकता चालला, ती वाटच कुणीतरी उचलून नेली होती. काकूंना इतका राग आला की त्यांनी खांद्यावरची एक टाचणी काढून दातांत धरली. अवघड कापड समोर आलं की त्या असंच करतात.

"तुम्ही वाट सांगू नका," टाचणीआडून त्या म्हणाल्या. "घराचं नाव सांगा. दार मी हुडकते."

मग काका नावं सांगू लागले आणि काकू शोधू लागल्या. काकूंचं इंग्रजी शाळेपुरतं आणि शिंप्याच्या मासिकापुरतं. अडलं की त्या अक्षरं सुटी करून वाचायच्या आणि काका ती जोडायचे. माउस त्या इस्त्री फिरवावी तसा जोर देऊन फिरवत होत्या. "हलक्या हातानं," काका म्हणायचे. "रेशमावर फिरवतेस असं समज." मग मात्र काकूंना तो बरोबर कळला.

"यू, एन, आय, एन, एस, टी..."

"अनइन्स्टॉल!" काका स्टुलावरून अर्धे उठले. "तेच! तेच आपलं उसवायचं दार!"

आत भलीमोठी यादी होती. प्रत्येक ओळीपुढं तारीख. बिघाड झाला त्या तारखेच्या ओळी निघाल्या दोन.

"दोन्ही काढून टाक," काका म्हणाले. त्यांना आता धीर नव्हता.

"अजिबात नाही. एक टाका चुकला म्हणून अख्खी बाही उसवायची नसते. आधी एक काढू, घालून बघू. नाही बसलं तर दुसरा."

"आणि चुकीचाच निघाला तर?"

"तर चुकीचा कुठला ते तरी कळेल."

काकूंनी वरची ओळ धरली. खरंच काढू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. एरवी कुणाच्याही कोटाला बेधडक ब्लेड लावणाऱ्या काकूंची इथं पाचावर धारण बसली. काकांनी अंदाजानं हात पुढं केला, तो नेमका त्यांच्या मनगटावर पडला. "कर," ते म्हणाले. "दुपारी सगळं पुसलंच जाणार आहे. याहून वाईट काय व्हायचंय?"

पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. ते फिरत असतानाच दाराची बेल वाजली. दुकानातला माणूस ठरल्यापेक्षा लवकर आला होता. सरळ, अदबीनं बोलणारा गृहस्थ. परिस्थिती बघून म्हणाला, "काकू, कशाला त्रास घेता? बंद करा, मी घेऊन जातो."

"टाका अर्धा निघालाय," काकू म्हणाल्या. "अर्ध्यात कात्री हातातून ठेवायची नसते. तुम्ही बसा. पाणी घ्या."

तो बसला. त्याला घाई होती तरी बसला, हे त्याचं चांगलंपण. चक्र थांबलं. टिंग. काका मान तिरकी करून ऐकत राहिले. खोलीत फक्त पंखा बोलत होता.

"नाही," काका म्हणाले.

"म्हणजे खालचा आहे," काकू म्हणाल्या आणि पुन्हा त्याच वाटेनं निघाल्या. या वेळी काकांना एकही नाव सांगावं लागलं नाही. काकूंना रस्ता आला होता. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं आणि दातांतली टाचणी पडते की काय इतकं त्यांना हसू आलं. दुसरी ओळ, खरंच काढू का, हो बाबा काढ, चक्र. चक्राकडं त्या डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या.

टिंग. आणि मग टर्रर्रर्र असा एकच भडिमार सुरू झाला.

"अरेरे," दुकानातला माणूस हळहळत उठला. "अजून बिघडलंय हो. काय खरखरतंय बघा. मी म्हटलं होतं..."

"गप!" काकू ओरडल्या, आणि मग जीभ चावून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नाही हो, बसा. बिघडलेलं नाही ते. ही अशीच बोलते!"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू पसरलं होतं. दुकानातल्या माणसाला आधी विश्वासच बसेना. मग त्यानं काकांना विचारलं, तुम्हाला कळतंय हे? काकांनी बाईच्या मागोमाग दोन ओळी बोलून दाखवल्या, तेव्हा तो मोकळेपणानं हसला. जाण्याआधी त्यानं एक उपकार केला. तेच अपडेट पुन्हा आपोआप शिरू नये म्हणून काय करायचं ते काकूंना शेजारी उभं राहून दाखवलं आणि काकूंनी ते स्वतःच्या हातानं केलं. ही कडेची शिलाई पक्की घातली पाहिजे, असं त्या म्हणाल्या.

काकांनी मुलीला फोन लावून समोर ठेवला. "तुझा माणूस रिकाम्या हातानं चाललाय," ते म्हणाले. "काम घरातच झालं."

"कुणी केलं, बाबा?"

"थांब. जिची वाचा परत आली तिच्याकडूनच ऐक."

काकू खुर्चीतून उठू लागल्या, तर काकांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. स्टुलावरूनच त्यांनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला. आधी बाईचा वेग कमी केला, आणखी कमी केला, साध्या माणसाच्या बोलण्याइतका आणला. असं त्यांनी आजवर कुणासाठी केलं नव्हतं. मग ते भराभरा काहीतरी टाइप करू लागले. काल रिकाम्या पडलेल्या त्या हातांकडं काकू बघत राहिल्या.

दिवसभर घरात वावरूनही जिचं एक वाक्य काकूंना कधी कळलं नव्हतं, ती सवत त्या दिवशी पहिल्यांदा सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलली :

"हे उसवलंय आमच्या टाचणीकाकूंनी. कुठं भोक दिसत असेल तर दाखवा."

फोनमध्ये मुलगी हसत होती की रडत होती, कळलं नाही. दारात चपला घालणारा दुकानातला माणूस थांबून मागं बघत होता. काकूंची छाती अभिमानानं भरून आली होती आणि ते लपवायची त्यांनी मुळीच खटपट केली नाही. त्यांनी दातांतली टाचणी काढून खांद्यावर टोचली, खुर्चीत पाठ ताठ केली आणि म्हणाल्या,

"तिला म्हणावं, पुन्हा एकदा सांग."