आईची घागर

आमच्या गावामागची टेकडी वन विभागाची. झाडं तोडून बोडकी केली ती मात्र आमच्याच गावानं. तिथं माझ्या शाळेतल्या पोरांकडून रोपं लावून घ्यायचं माझ्या डोक्यातून निघालं, परवानगीसाठी खेटे घातले तेही मीच. सगळे म्हणत, बाईंची टेकडी. मला ते ऐकायला फार आवडे.

मग शाळेत नवी मॅडम आली. टेकडीचा पूर्वेचा उतार तिच्या वर्गाला दिला. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाशी म्हटलं.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, आणि पूजा झाली की ती घरात पिण्याच्या पाण्याला वापरतात. मॅडमनं पोरांना सांगितलं, ती घागर टेकडीवर आणा, आपल्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा आणि भरून ठेवा. मातीतून पाणी झिरपत राहतं, रोप उन्हाळा काढतं. ज्यांच्या घरी हा सण नाही त्या मुस्लिम घरांतल्या पोरी दादीच्या नावानं जुने माठ घेऊन आल्या.

माझ्या उताराला कुंपण होतं, रंगवलेली पाटी होती. पण सुट्टी लागली की तिकडं कुत्रंही फिरकत नसे. तिच्या उतारावर मात्र पोरं भर मे महिन्यात सकाळी सकाळी डबे घेऊन चढत. एकाला विचारलं, कुठं निघालास रे? तर म्हणाला, "आबाले पानी पाजाले चाललो, बाई."

तो माझ्या वर्गातला होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला. झाड जगवायला बापजाद्यांना कामाला लावते, असं मी घरी बोलूनही दाखवलं. खरं दुखणं हे, की ते मला सुचलं नव्हतं.

त्याच वर्षी आई गेली होती. तिची पहिली घागर मी उंद्रीच्या बाजारातून आणली, पूजा केली, काही दिवस घरातच वापरली. पण पोरांना रोज चढताना बघून मलाही ती टेकडीवर न्यावीशी वाटली, आणि मग पंचाईत झाली. माझ्या उतारावर काटक्याच उभ्या होत्या. मॅडम म्हणाली, इकडे चांगली जागा आहे, या ना. मी म्हटलं, माझी आई माझ्याच उतारावर राहील. एक कडुलिंब अजून धुगधुगी धरून होता, त्याच्या बुडाशी घागर पुरली आणि रोज स्वतः कळशी घेऊन चढू लागले. गुडघे बोलत होते, पण जिद्द मोठी.

मधेच बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. सुलतानपूरला जाऊन राहावं लागलं. मांडवात सगळे हसत-खिदळत होते आणि मला कोरडी घागर दिसत होती. परतल्यावर घराचं कुलूप काढलं, बॅग टाकली आणि कळशी भरून थेट टेकडी गाठली.

घागर काठोकाठ भरलेली होती. कडुलिंबाला तांबूस पालवी फुटली होती.

शेजारच्या उतारावर दादीच्या माठात पाणी ओतणारी पोरगी होती. तिला विचारलं, ही कोणी भरली?

"मॅडमनं. रोज येत होत्या. म्हने, बाईची माय तहानली नाही राह्यली पाहिजे."

बरं वाटायला हवं होतं. मला रडूच आलं, पण रागाचं. माझ्या आईनं तरी तिच्या हातचं पाणी प्यायला नको होतं.

उपकार डोक्यावर ठेवायचा नाही, असं ठरवून मी कळशी घेऊन तिच्या उतारावर गेले. तिच्या पोरांच्या दोन-चार घागरी भरल्या की फिटंफाट. पहिल्या घागरीत डोकावले, भरलेली. पुढची भरलेली. वाकत वाकत अख्खा उतार फिरले. पोरं येऊन गेली होती. एकाही घागरीत माझ्यासाठी घोटभर जागा ठेवली नव्हती.

तीच भरली कळशी कमरेवर घेऊन मी टेकडी उतरले.