गुलाबी कागदातला ब्रोच

ती घटना आठवली की आजही मला माझीच चीड येते.

कॅनडातल्या ओकव्हिलमधल्या एका रशियन वंशाच्या आजींनी झारच्या काळातले आपले दागिने म्युझियमसाठी द्यायचं ठरवलं होतं. तलावाकाठच्या त्यांच्या बंगल्यातच ते होणार होतं; दालनांचे नकाशे तयार होते आणि क्युरेटर म्हणून मॉन्ट्रियलची एक तरुण मुलगी नेमली होती. तेवढ्यात मोत्यांचा एक ब्रोच गायब झाला. सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "क्युरेटरचा ड्रॉवर बघा."

झडतीत ब्रोच तिथेच सापडला, पातळ गुलाबी कागदाच्या चौकोनी पुडीत. माझ्या सार्जंटबाईंनी मुलीला अटक केली. मी मात्र पुडी पाहूनच ओळखलं. असा कागद आपल्याकडचे सराफ वापरतात, आणि या दागिन्यांची वीस वर्षं डागडुजी करणारा कारागीर पुण्याचा होता.

तरी मी गप्प बसलो. या बाई माझ्या हाताखाली शिकल्या आणि माझ्या आधी बढती घेऊन गेल्या. त्यांचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. तीन वाजता बडे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर बाईंना तोंडघशी पाडायचं मी ठरवलं.

तीनला साहेब आणि बाईंसमोर कारागिराला बसवलं, हक्क वाचून दाखवले आणि मराठीत सहज विचारलं, "काका, हा कागद इथे कुठे मिळतो हो?"

"इथे कुठला! पुण्याहून आणतो, एव्हरी ट्रिप," ते बोलून गेले आणि एकदम थांबले.

"तिच्यावर आळच घ्यायचा होता, तर ब्रोच नुसता टाकायचा."

"मोती आहेत, साहेब. उघडे कसे टाकणार? स्क्रॅच पडले असते!" मग ते रडायलाच लागले. "ट्वेंटी इयर्स मी ते जपले. आणि ब्रोशरवर फोटो कुणाचा, तर त्या कालच्या पोरीचा! बघवलं नाही मला. फोनही मीच केला."

मी सगळं इंग्रजीत सांगितल्यावर साहेबांनी माझी पाठ थोपटली. बाईंचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तोवर त्या मुलीने सहा तास कोठडीत काढले होते. दुपारीच म्युझियमच्या ट्रस्टने तिला ईमेलने काढून टाकलं होतं. पुढे माफी मागून परत बोलावलं, पण ती गेली नाही. ठाण्यातून बाहेर पडताना तिने मला विचारलं, "तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"आत्ताच," मी म्हणालो.

समोरच्याचा मत्सर मला नोकरीभर चटकन ओळखू यायचा. स्वतःच्या मत्सराला मी हुशारी समजत होतो, एवढं या प्रकरणाने शिकवलं. कारागिराला शिक्षा झाली, मला शाबासकीचं पत्र मिळालं. त्याने निदान त्याच दिवशी कबुली दिली. मी माझी आज लिहितोय, तीही त्या मुलीला वाचता न येणाऱ्या भाषेत.