वाळलेल्या तुरीतलं एक हिरवं झाड

रोही आलाच नव्हता.

रोही म्हणजे नीलगाय. पुण्याकडच्या मित्रांसाठी खुलासा. आमच्याकडे तो न बोलावता येणारा पाहुणा.

भास्करला जाऊन आज एक वर्ष झालं. सगळे त्याचे फोटो टाकताहेत. मला हे टाकायचं आहे.

भास्कर माझा कॉलेजपासूनचा मित्र. वनस्पतींच्या आनुवंशिकतेत पीएचडी. कृषी महाविद्यालयातली नोकरी सोडून वरवट बकालजवळ घरच्या वावरात तुरीवर रिसर्च करत बसला. मी संस्कृत घेऊन एमए झालो आणि पेपरात बातम्या लिहायला लागलो. दोघांपैकी कोण जास्त वाया गेलं, यावर आमचा तीस वर्षं वाद होता.

मला तो 'पंडित' म्हणायचा. आदरानं नाही.

तुरीतून वेळ उरला की तो अठराव्या शतकातल्या युरोपात जाऊन बसायचा. तिकडचा ज्ञानोदय, राजांना आणि धर्मगुरूंना "कशावरून?" असं तोंडावर विचारणारी माणसं. बियाण्याच्या पाकिटांवर वजन म्हणून तीच जाडजूड पुस्तकं.

"राजाच्या पोटी राजा! हा गुण कोणत्या जीनवर असते बे पंडित? दाखव मले, तुरीत टाकून पाहतो."

मी म्हणायचो, बीज श्रेष्ठ की क्षेत्र, यावर आमच्या स्मृतींत पुष्कळ चर्चा आहे.

"हाव, पण वावरात उतरला नाही त्यातला एकही."

आरोपीचं ऐकल्याशिवाय शिक्षा नाही. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच माणूस नको. हे त्याचे आवडते सिद्धांत, चहाबरोबर मिळायचे.

आमच्या न्यायदर्शनात विश्वासू माणसाचा शब्द हाही पुरावा धरतात, असं सांगितलं की मात्र भडकायचा.

"कोणी सांगतलं म्हणून मानाचं? डोयानं पाह्यल्याबिगर मी बापाचंही मानत नाही."

चार वर्षांपूर्वीची डिसेंबरातली दुपार. मी सुट्टीवर गेलो होतो, त्यानं कामाला लावलं. बियाण्याच्या प्लॉटमधली भेसळ काढायची होती. नियम सोपा. ओळीत जे झाड इतरांसारखं नाही, ते उपटायचं.

"समतेचा एवढा भक्त तू, आणि वावरात हे धंदे?"

"झाडाले मत देता येत नाही बे. उपट गुमान."

मग तो पाकिटं आणायला गावात गेला. जाताना म्हणाला, "पुढचं पाहून ठेव."

पुढच्या प्लॉटमध्ये सगळी तूर वाळून उभी होती. मधोमध एकच झाड हिरवंगार. शेंगा अजून कोवळ्या.

इतरांसारखं नाही.

मी उपटलं. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पलीकडे, फेकलं. तिथून शेळ्या चालल्या होत्या. त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही.

तो मर रोगाचा प्लॉट होता. त्यानं मुद्दाम रोगट केलेली माती. तिथं तूर मरावी म्हणूनच पेरायची, आणि एखादं झाड जगलंच तर त्याचं बी धरायचं. सात वर्षांत पहिल्यांदा एक जगलं होतं. हे त्यानं मला फोनवर दहा वेळा सांगितलं होतं. मी दहाही वेळा बातमी टाइप करत 'हं, हं' केलं होतं.

परत आला आणि त्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला. मातीत बोटं घातली.

"पंडित, इथलं झाड?"

त्याचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. तोंडातून निघालं, "रोही दिसला होता मघाशी."

त्यानं सुखदेवला हाक मारली. सुखदेव त्याच्या वावराचा राखणदार.

"रोही आला तवा कुठं होता रे?"

"इथंच होतो साहेब. रोही आलाच नाही."

"मग झाड काय उडून गेलं? पंडितनं डोयानं पाह्यला!"

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी धुऱ्याकडे पाहिलं.

"उद्यापासून येऊ नको."

फिर्यादी तोच. न्यायाधीश तोच. साक्षीदार मी.

बापाचंही न मानणाऱ्यानं माझा शब्द प्रमाण मानला.

तसं झाड पुन्हा उगवलं नाही. पुढचे तीन हंगाम तो त्या प्लॉटमध्ये शोधत फिरला. दर डिसेंबरात त्याचा फोन यायचा. "सगळी वायली बे. एकबी नाही." दर वेळी सांगायचं ठरवायचो आणि दर वेळी त्याचं बीपी विचारायचो.

मग एक दिवस त्याचा फोन यायचाच थांबला.

वाळलेल्या तुरीच्या वावरांतून एसटी जाते, तेव्हा मी खिडकीची जागा घेत नाही. वाटतं, मधे कुठंतरी हिरवं दिसेल. आणि शेजारी तो उकिडवा बसलेला.

काल वहिनींकडे गेलो. त्याची प्रयोगाची वही मागितली. त्या तारखेखाली त्याचं बारीक अक्षर: 'जगलेलं एकच झाड. रोह्यानं नेलं.'

अशा वहीत खाडाखोड करत नाहीत. चुकीवर एक रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि सही करायची. मी केली.

वहिनींनी वाचलं. वही मिटून कपाटात ठेवली. त्या घरात पहिल्यांदाच मला कोणी चहा विचारला नाही.

तिथून सुखदेवकडे. तो आता दुसऱ्याच्या वावरात जातो. ओट्यावर बसला होता. सगळं सांगितलं.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "मी लिंबाखाली होतो. तुम्ही उपटून राह्यले होते, मी पाह्यलं. मले वाटलं साहेबानंच सांगतलं असन."

"मग त्यांना तेव्हाच का नाही सांगितलं, सुखदेवभाऊ?"

"सांगतलं असतं, त साहेबानं कोणाचं खरं धरलं असतं?"

कोणाचं धरलं असतंस रे, भास्कर?

सुखदेव त्या दिवशी खरं बोलत होता. हे इथं सगळ्यांसमोर, माझ्या नावानं लिहितो आहे.

मित्रा, उशिराचा नमस्कार घे.