सातशे वर्षांची मी, तहानेनं मेले

माझी नात स्वतःला ‘अर्धी एल्फ’ म्हणवून घेते. कुणी विचारलं की बोट माझ्याकडं. बरोबरच आहे. तिच्या जन्माच्या बरीच वर्षं आधी मी पाऊण तास एल्फ होते, आणि तेवढ्या वेळात जे दिवे लावले ते अजून घरात कुणी विसरलेलं नाही.

लेक तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवाळीला वसमतला आली ती एका खेळाच्या नियमांच्या जाड पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती आणि वीस तोंडांचा फासा घेऊन. वर्गातल्या एका मुलाशी लग्न करायचं तिनं ठरवलं होतं, तो आमच्या जातीचा नव्हता, आणि हे मला सांगायची तिची छाती होत नव्हती. म्हणून पोरीनं खेळ मांडला. मला अर्थातच यातलं काही कळलं नाही. पंचेचाळिशीची मी स्वतःला भलती हुशार समजायचे. शेजारच्या सात घरांतलं दिसायचं, स्वतःच्या सतरंजीवरचं सोडून.

दुपारी फराळाचं ताट मधे ठेवून लेक, तिचे बाबा आणि मी असे तिघं बसलो.

“आई, तुझी जात निवड.”

माझी चकली हातातच राहिली. “जात काय निवडायची चीज हाय का, गं?”

“ह्या खेळात निवडता येती. माणूस, ठेंगू, एल्फ.”

यांनी ठेंगू घेतला. उंचीच्या मानानं बरोबर होतं, म्हणून मी हरकत घेतली नाही.

“एल्फ म्हंजे?”

“उंच, देखणे, कान टोकदार. सातशे वर्षं जगतात. झोपत न्हाईत.”

“दिवाळीतली बाईच की! लिही, मी एल्फ.”

पानं चाळत ती हळूच म्हणाली, “एल्फचं माणसाशी लग्न झालं तर लेकरू अर्धं एल्फ होतं. तेबी चालतंय पुस्तकात.”

“असंल,” म्हणून मी चकली मोडली. वा गं हुशार!

खेळात लेक गोष्ट सांगायची, आपण काय करतो ते आम्ही सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. आम्ही वाळवंटात शिरलो. माझं पाणी संपलं.

“ठेंगूच्या मशकीत हाय पाणी. पितीस?”

“मी? एल्फ असून ठेंगूच्या हातचं?”

हे उसळले. “अगं, सकाळी माझ्याच तांब्यातलं पिलीस की!”

“तवा मी एल्फ नव्हते.”

“आई, असा नियम न्हाई पुस्तकात.”

“पुस्तकात नसंल. आमच्यात हाय.”

अर्ध्या तासापूर्वी जातीत आलेली मी, आणि लगेच ‘आमच्यात’! पाण्यावाचून तग धरते का बघायला फासा टाकला. विसातले दोनच पडले. सातशे वर्षं जगणारी बाई तहानेनं जागीच मेली. हे पोट धरून हसले. लेक हसली नाही. फासा डबीत टाकत म्हणाली, “खेळात एवढं, तर खऱ्यात काय करशील, आई? माझं लेकरू अर्धं एल्फ असलं तर?”

आता मात्र डोक्यात उजेड पडला. मी उठले आणि काही काम नसताना डबे घासायला घेतले. दोन दिवसांनी ती पुण्याच्या गाडीत बसली, तेव्हा मी स्टँडवरसुद्धा गेले नाही. रुसले होते म्हणे! कुणावर, ते विचारू नका.

आठ दिवस यांनी मुद्दाम पाण्याचा तांब्या माझ्यापुढं करायचा आणि विचारायचं, “ठेंगूच्या हातचं चालतंय का, बाईसाहेब?” मी मुकाट्यानं प्यायचे. नवव्या दिवशी हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मी होस्टेलवर फोन लावला.

“मी पाणी पिले म्हणून लिही.”

पलीकडून नाक ओढत, “आई, तू मेलीस. मेलेल्याला उठवायचा नियम न्हाई पुस्तकात.”

“पुस्तकात नसंल,” मी म्हटलं. “आमच्यात हाय. अन् संक्रांतीला त्याला घेऊन ये.”