बापूचा गुलाली फ्लाय

गळ टाकणाऱ्यांच्या घरात मासे साठत नाहीत, किस्से साठतात. आम्हा तिघांचे तर आता एकमेकांत गुंतलेत. मी, मंगळवार पेठेत चिकनचं दुकान असलेला सर्जेराव आणि शिरोली एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेला बापू. दर मे महिन्यात आम्ही हिमाचलमधल्या एका नदीवर ट्राउट मासे पकडायला जातो. तिथं उन्हाळा लागला की पाण्यातून किडे बाहेर पडतात आणि त्यांना खायला ट्राउट वर येतो. आपण गळाला पिसं गुंडाळून तसाच खोटा किडा करायचा. त्याला म्हणायचं फ्लाय.

*

पहिल्या वर्षी सर्जेरावनं बॅगेतून कांदा-लसूण चटणीची बरणी काढली. तिथला आमचा गाइड म्हणाला, इथं मासा पकडायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. सर्जेराव भडकलाच! "सोडायचा? मग एवढ्या लांब काय त्येची खुशाली इचारायला आलोय व्हय?"

ती चटणी आम्ही आठवडाभर भातावर घेऊन खाल्ली.

*

फ्लाय बापू स्वतः बांधतो, पिसं सर्जेरावच्या दुकानातली. गिऱ्हाईक कोंबड्याचं वजन बघतं, बापू मानेवरची पिसं! एकदा एका बाईंनी निवडलेला कोंबडा त्यानं अडवूनच धरला. "वैनी, कोंबडा तुमचा, पिसं माझी!"

बाई घाबरून दुसऱ्या दुकानात गेल्या.

*

एका वर्षी जोतिबाच्या यात्रेहून आणलेल्या गुलालात पांढरी पिसं भिजवून बापूनं फ्लाय बांधला. भडक गुलाबी! गाइड हसून हसून खाली बसला. असला किडा अख्ख्या हिमालयात नाही म्हणे.

"न्हाय तर न्हाय," बापू म्हणाला. "देवाचा हाय. डबीत ऱ्हाऊ दे."

*

एवढं करून बापूला ट्राउट कधीच मिळाला नाही. हाताला पंचगंगेतल्या माशांची सवय, जरा टोचलं की हिसका! ट्राउटनं फ्लाय तोंडात घेतला की क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर गळ निसटतो.

"बापू, दम धर की!" आम्ही ओरडायचो.

"हातच ऐकत न्हाय रं."

आम्ही हसायचो. तो हसायचा नाही.

*

यंदा शुगरनं त्याचे डोळे धरले. पुढच्या मेपर्यंत नजर राहील असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला फार वाईट वाटलं. बापू एवढंच म्हणाला, "एक मासा गावला पायजे. बघून सोडायचाय."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी किडे पाण्यावर उतरले, ट्राउट वर यायला लागले. पण नेहमीचे राखाडी फ्लाय बापूला दिसेनात. सर्जेरावनं काही न विचारता डबीतला गुलाबी फ्लाय काढून दोरीला बांधला. या वेळी गाइड हसला नाही.

बापूनं तो पाण्यावर टाकला. "दिसतोय की!"

गुलाबी ठिपका प्रवाहाबरोबर सरकत राहिला. मग तो गेला. आम्ही ओरडणार, तेवढ्यात बापू हळूच म्हणाला, "सर्जा, दिसंना झालाय. माशानं नेला, का माझ्या डोळ्यांनी?"



आणि बापूच्या हातातली गळाची काठी वाकली.