काकूंचं नाक आणि कॅलिफोर्निया

आमच्या घरी कुणी जेवायला आलं की सुहास, म्हणजे माझा नवरा, हमखास सांगतो, "माधवीला वाइनचे किस्से विचारू नका, जेवण गार होईल." आणि मग लोक नेमकं तेच विचारतात. मी तरी काय करणार? चार माणसं, महिन्यातला एक शुक्रवार आणि दोन-तीन बाटल्या, एवढ्या भांडवलावर बहरीनमध्ये वर्षांमागून वर्षं काढली तर किस्से साठणारच. माळ्यावरच्या रिकाम्या बरण्यांसारखं त्यांचं होतं. टाकवत नाहीत, आणि किती झाल्या तेही कळत नाही.

चार माणसं म्हणजे मी, सुहास, पटवर्धन काका आणि नलिनीकाकू. काका समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनियर. राहायला सलमानियात, मोठ्या हॉस्पिटलच्या जवळ, कारण काकूंच्या किडन्यांनी दगा दिलाय आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. त्यांची एकुलती एक लेक रेवा कॅलिफोर्नियात असते, वाइन बनवणाऱ्या कंपनीत. तिचे तिकडचे कागद अडकलेत. एकदा बाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही. आईला एवढा लांबचा प्रवास झेपत नाही. पाच वर्षं झाली, मायलेकींची भेट नाही. आमच्या टेबलावर फक्त कॅलिफोर्नियाचीच वाइन का, त्याचं कारण हे. कुणी कौतुकाने फ्रान्सची बाटली आणली तर काका थँक्यू म्हणतात आणि कपाटात ठेवून देतात.

आणखी एक सांगायला हवं. काकूंना पाणीसुद्धा मापून प्यावं लागतं, त्यामुळे वाइनचा थेंबही त्या घेत नाहीत. त्या फक्त वास घेतात. आणि आमच्यात सगळ्यात तिखट नाक त्यांचंच आहे.

* * *

रेवाला नोकरी लागली तेव्हा काकूंनी सांगलीला नणंदेला फोन केला. वायनरी वगैरे सांगलीला झेपणार नाही म्हणून नुसतं गावाचं नाव सांगितलं, नापा. "वन्सं, आपली रेवा नापात आहे." लाइन खरखरत होती. नणंदबाई "अरे देवा" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून फोनवर फोन. मामा, मावशी, जाऊबाई, सगळ्यांचा सूर एकच. "मनाला लावून घेऊ नका. एवढी हुशार पोरगी, होतं एखाद्या वेळेस." एका मेव्हण्यांनी तर कुठल्या तरी क्लासचा पत्ता पाठवला. तिसऱ्या-चौथ्या फोनला काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला की सांगलीत रेवा नापास झालेली आहे.

"मग तुम्ही खरं काय ते सांगितलंत की नाही?" मी विचारलं.

"छे गं. दारूच्या कारखान्यात पास झाली म्हणण्यापेक्षा नापास बरी."

* * *

सुरुवातीला काका बाटलीच्या पाठीवरचं लेबल मोठ्याने वाचायचे. ब्लॅकबेरी, सीडार, तंबाखू, लेदर. आम्ही समजल्यासारख्या माना डोलवायचो. एकदा काकूंनी विचारलं, "अहो, तुम्ही ब्लॅकबेरी कधी खाल्लीत?"

"फोन होता माझ्याकडे," काका म्हणाले.

त्या दिवशी नियम झाला. आपल्या नाकाने जे खरोखर हुंगलंय तेवढंच बोलायचं, लेबलचं काही चालणार नाही. मग आमच्या टेबलावर करवंदं आली, आमसुलं आली, दिवाळी संपल्यावरचा उटण्याचा डबा आला. सुहासला बिचाऱ्याला प्रत्येक लाल वाइनमध्ये शाळेची कंपासपेटीच सापडते. काकूंनी एकदा शार्डने नावाच्या पांढऱ्या वाइनचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "कुणीतरी लोणी कढवतंय. तूप उतरवायच्या बेतात आहे, विड्याचं पानही टाकलंय."

काकांनी हे रेवाला कळवलं, रेवाने तिच्या साहेबाला. लाकडी पिंपात राहिलेल्या त्या वाइनचं इतकं नेमकं वर्णन त्याने म्हणे आधी ऐकलंच नव्हतं. आता त्यांच्या तळघरात तोच शब्द चालतो. साहेब घोट घेतो, मान हलवतो आणि म्हणतो, "रेवा, टूप जास्त झालं."

हे सांगताना काकू फार खूश असतात. "मला नाही जाता आलं," म्हणतात, "पण माझं तूप जाऊन पोचलं."

* * *

कुठली बाटली कुठली ते कळू नये म्हणून आम्ही बाटल्यांना मोजे चढवतो. त्यासाठी बाब अल बहरीनच्या बाजारातल्या गल्लीतून रंगीत मोजे मुद्दाम आणलेले आहेत. एकदा ते धुवायला पडले होते. मी घाईत सुहासचे ऑफिसचे मोजे चढवले, धुतलेले असतील असं समजून.

काका म्हणाले, "माती आहे. जुनं लाकूड." सुहास म्हणाला, "कंपासपेटी." काकूंनी ग्लास नाकापर्यंत नेला आणि तसाच हळूच खाली ठेवला.

"माधवी, वाइन उत्तम आहे गं. पण तिच्याआधी सुहास येतो."

* * *

इथे पिऊन स्टिअरिंगला हात लावला की माणूस गोत्यात आलाच. म्हणून सुहास घोट तोंडात घोळवतो आणि थुंकतो. जाणकारही म्हणे तसंच करतात, त्यामुळे आम्हीही करतो. मधे एक स्टीलचं पातेलं ठेवलेलं असतं.

एका शुक्रवारी बैठक आमच्याकडे होती. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या होत्या, त्यांना मनामाच्या मंदिरात भजनाला सोडलं होतं. भजन लवकर आटोपलं आणि शेजारीण त्यांना घेऊनच आली. दारातून त्यांना दिसलं ते हे: आम्ही तिघं पातेल्याभोवती वाकून गुळण्या करतोय आणि काकू खुर्चीत बसून बघताहेत.

"घसा धरलाय का सगळ्यांचा?"

"हो ना," काका तत्परतेने म्हणाले. "इथली धूळ फार वाईट."

सासूबाईंनी माझ्या हातातला ग्लास घेतला, वास घेतला, परत दिला. "काढा आंबलाय. थुंकताय तेच बरं करताय."

* * *

रमजानात वाइनची दुकानं बंद असतात. शिवाय काकांचे घरमालक अबू हसन खालच्याच मजल्यावर राहतात आणि महिनाभर इफ्तारच्या वेळी गव्हाच्या हरीसची वाटी वर पाठवतात. त्या महिन्यात घरातली बाटलीही काका बाहेर काढत नाहीत. पण शुक्रवार मोडायचा नाही, म्हणून आम्ही कोकमाचं आगळ चाखतो. तेही रीतसर, मोजे चढवून. एका मोज्यात राजापूर, दुसऱ्यात सावंतवाडी.

असंच एकदा आगळ चाखत असताना रेवाचा व्हिडिओ कॉल आला. "आज काय उघडलंय?" काकांनी सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "आई, मला वास सांग ना."

काकू पहिल्यांदाच अडखळल्या. "आंबट... म्हणजे नुसतं आंबट नाही गं. तू शाळेच्या बसमधून उतरून घामाघूम यायचीस, मी सरबत करून ठेवायचे. ते पिताना तू युनिफॉर्मवर सांडायचीस. त्या डागाचा वास."

पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. काका "हॅलो, हॅलो" करत राउटर बंद-चालू करायला उठले.

"बसा," काकू म्हणाल्या. "नेट ठीक आहे."

* * *

एकदा झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये खास कॅलिफोर्नियाच्या वाइनचं टेस्टिंग होतं. काका काकूंना घेऊन गेले, आम्हीही गेलो. टाय लावलेले एक गोरे गृहस्थ सगळं समजावून सांगत होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावलं. वास घ्या, म्हणाले, आणि मला सांगा, तुम्ही आत्ता कुठे आहात?

कुणी द्राक्षाच्या मळ्यात होतं, कुणी धुक्यात, कुणी डोंगरावर. आमच्या टेबलाशी आल्यावर त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि मला मराठीत म्हणाल्या, "त्यांना सांग, मी माझ्या मुलीच्या खोलीत आहे. पलंगावर कपड्यांचा ढीग आहे. खिडकी बंद आहे. ही पोरगी खिडकी का उघडत नाही?"

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. वास अजून आतच दबून राहिलेला असला की जाणकार त्या वाइनला क्लोज्ड म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गृहस्थ एकदम खूश झाले. "एक्झॅक्टली, मॅडम! क्लोज्ड! शी नीड्स टाइम."

परतीच्या रस्त्यावर काकू वाळवंटाकडे बघत म्हणाल्या, "तिची तिकडची खोली मी कधी पाहिलेलीच नाही गं." मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

* * *

यंदाच्या थंडीत रेवाने सर्वस्वी स्वतःच्या हिमतीवर केलेली पहिली वाइन तयार झाली. एकच छोटं पिंप, पण द्राक्षं कधी तोडायची इथपासून सगळे निर्णय तिचे. अजून लेबलही लागलेलं नव्हतं. काकांच्या ऑफिसातले एकजण तिकडून सुट्टी संपवून येत होते, त्यांच्याबरोबर तिने एक बाटली पाठवली.

त्या आठवड्यात काकूंची तब्येत नरम होती. अंगावर सूज होती, चालताना धाप लागत होती. तरी त्यांनी काकांना बजावलं, "कुठली तिची ते मला सांगायचं नाही. मी ओळखणार. लेक येत नाही, मी जात नाही. तिच्या हातचंही ओळखता आलं नाही, तर मग राहिलं काय?"

काकांनी तुलनेसाठी त्याच खोऱ्यातली, त्याच कॅबर्ने द्राक्षाची एक उंची बाटली दुकानातून आणली. काकू आत साडी बदलत होत्या, तेव्हा आमच्यासमोर मोजे चढवले. लाल मोज्यात रेवाची, निळ्यात दुकानातली. आम्हा तिघांना ठाऊक होतं, काकूंना नव्हतं.

काकूंनी आधी लाल मोज्यापुढचा ग्लास घेतला. खूप वेळ नाकाशी धरला. खाली ठेवला. मग निळ्या मोज्यापुढचा घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही. ही माझ्या पोरीची. निलगिरी आहे हिच्यात. सर्दी झाली की मी तिच्या उशीला लावायचे ना, तीच."

सुहासने माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे. मळ्याच्या शेजारी निलगिरीची झाडं असली तरच तो वास वाइनमध्ये उतरतो, हे आम्हाला रेवानेच शिकवलेलं. आणि तिच्या मळ्याच्या उतारावर एकही झाड नाही, हेही तिचंच रडगाणं. दुपारी उभं राहायला सावली नाही म्हणून.

"बरोबर," काका म्हणाले. "शंभर टक्के."

काकूंनी लगेच फोन लावायला सांगितला. तिकडे सकाळ होती. रेवा कामावर पोचलेली, डोक्यात लोकरीची टोपी.

"ओळखली?"

"ओळखणार नाही तर काय? वास घेतल्या घेतल्या निलगिरी आली."

रेवा थांबली. तिने काकांकडे बघितलं. काका चष्मा पुसत होते.

"हो आई तीच ती माझीच निलगिरी मुद्दाम येऊ दिली मी तुझ्यासाठी," ती म्हणाली.

मग थंडी किती आहे, डबा नेलास का, टोपी कानावर घे, असं नेहमीचं सगळं झालं. काकूंनी फोन बंद केला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"खोटं बोलली," त्या म्हणाल्या. "दुसरीत होती तेव्हापासून खोटं बोलताना अशी एका दमात बोलते."

काका "अगं, नलू" म्हणत पुढे झाले. काकूंनी लाल मोज्यापुढचा ग्लास दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतला.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "लेकीला भेटू द्या मला."